बाबल रंगाऱ्याची बत्ती

परवा माझ्या लेकीने गाडीचं काळं प्लास्टिक चकचकीत करणारी एक बाटली आणली. तिच्या गाडीचा बंपर उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने राखेसारखा झाला आहे. फडक्याने औषध लावलं, दोन दिवस बंपर काळा दिसला, पाऊस लागला आणि परत होता तसा. मी ओसरीवर बसून बघत होते. म्हटलं, बाबल असता तर ही बाटली त्याने गटारात ओतली असती. लेक म्हणाली, कोण बाबल? तो वेंगुर्ल्याहून गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. म्हणून लिहून ठेवते.

बाबल रंगारी वेंगुर्ल्यात आमचा शेजारी. बंदरावरच्या होड्या रंगवायचा. बुटका, कान मोठे, मान पुढे काढून चालायचा. वय विचारलं तर पन्नास सांगायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पन्नास, आणि मला तीन मुलं झाली तेव्हाही पन्नास. बायको लवकर गेली होती. एकुलती लेक विजयदुर्गला दिलेली. घरात तो आणि एक शेळी.

चांगला माणूस होता असं आता सगळे म्हणतात. मेलेल्याला सगळे चांगलंच म्हणतात. मला तो बरेच दिवस त्रासदायक वाटत असे.

त्याचा त्रास म्हणजे उरलेला रंग. होडी रंगवून डब्याच्या तळाला राहिलेला रंग सुकून फुकट गेलेला त्याला बघवत नसे. मग तो दिसेल त्याला लावायचा. त्याच्या घराचे खांब निळे, पायऱ्या लाल. सायकल अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. शेळीची शिंगं निळी. वाडीतल्या माडांना त्याने कमरेएवढे पट्टे मारले होते. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माडाक काय त्रास झालो? तो काय बोललो तुका?"

सोमवार कडक पाळायचा. मासा नाही. पण रविवारचं बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं कालवण, सोमवारी भातावर घ्यायचा. मी एकदा बोलले, अहो, हे माशाचंच आहे. तर म्हणाला, "मासो कालच खाल्लंय, वयनी. हां नुसतां तिरफळाचां पाणी."

आणखी एक खोड होती. कशाचाही रंग दिसला की तो बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि त्यावर ओढायचा. भिंत असो, पेटी असो, लग्नाच्या मांडवाचा खांब असो. वर म्हणायचा, "ओलां केल्यार दिसता तो खरो रंग. बाकी नुसती धूळ." लग्नघरच्या बायकांना किळस यायची. मलाही यायची.

कामात मात्र तो कोणाचं ऐकत नसे. एका वर्षी बंदरावरच्या एका मोठ्या होडीवाल्याला नारळी पौर्णिमेच्या आधी होडी रंगवून पाहिजे होती. बाबलने फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, लाकूड ओलं आहे. होडीवाला म्हणाला, वरून सुकं दिसतंय. बाबल म्हणाला, मग वरूनच रंगव, आतून कोणी दुसरा बघ. होडीवाल्याने दुसरा रंगारी आणला. पौर्णिमेला होडी नवरीसारखी दिसली. महिन्याभरात रंगाला फोड आले आणि सोलून पडायला लागला. तेव्हा बाबल न बोलावता गेला आणि सगळी होडी खरवडून दिली. माणूस मोठ्या मनाचा, असं तुम्ही म्हणाल. पण खरवडताना दर हाताला तो मोठ्याने म्हणत होता, "सांगलेलंय. सांगलेलंय. सांगलेलंय." असं दोन दिवस. होडीवाला शेवटी जेवायचं निमित्त करून घरी गेला आणि आलाच नाही.

आमचं भांडण झालं ते दरवाजावरून. आम्ही फणसाच्या लाकडाचा नवा दरवाजा केला होता. मला त्याला नुसतं तेल पाजायचं होतं. एक दिवस कामावरून घरी येते तर दरवाजा लालभडक, मधे पांढरा पट्टा. माझ्या घराची होडी झाली होती. बाबल पायरीवर बसून ब्रश धूत होता.

"उरलेलो होतो," म्हणाला. "आता वाळवी येवची नाय."

मी त्याला जे बोलले ते वाडीने ऐकलं. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. त्याची शेळी मात्र रोज येऊन माझी अळूची पानं खायची.

आता गाडीची गोष्ट. ऐंशीच्या पुढची, नव्या छोट्या गाड्या नुकत्या आमच्याकडे दिसायला लागल्या होत्या तेव्हाची.

माझा नवरा वासुदेव आधी एका लाँचीवर इंजिन सांभाळायचा. ती लाँच मालकाने विकली आणि हा दोन वर्षं घरी बसला. मी काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जात होते, त्यावर घर चालायचं. मग त्याच कारखान्याच्या शेटांनी नवी लाल गाडी घेतली. त्यांचा आधीचा ड्रायव्हर गेला आणि नवऱ्याला ती नोकरी मिळाली. आधीचा का गेला, ते सगळ्या वेंगुर्ल्याला माहीत होतं. गाडी सावलीत लावून तो चहाला गेला, तेवढ्यात एक शेळी बॉनेटवर चढली आणि ओरखडे पडले. शेटांनी त्याला त्याच दिवशी काढला. त्यामुळे नवरा गाडीला मुलापेक्षा जपायचा.

दोन वर्षांत गाडीचे काळे बंपर मळकट दिसायला लागले. वैशाखात शेट दहा दिवस मुंबईला गेले. बंगल्याची कौलं शाकारायचं काम निघालं होतं, म्हणून गाडी आमच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली आली. नवऱ्याला वाटलं, शेट येईपर्यंत बंपर काळे करून दाखवू. त्याने खोबरेल तेल चोपडलं. आमच्याकडे लाकडाला, लोखंडाला, केसांना, सगळ्याला तेच लावतात. बंपर चमकला. दोन दिवसांत त्यावर सगळ्या रस्त्याची धूळ येऊन बसली, वर मुंग्या.

नवरा बाजारात गेला होता. मी बघितलं, तेलकट घाण आहे. काजू फोडताना टरफलाच्या तेलाने हात जळतात, म्हणून आम्ही बायका हाताला राख लावून बसायचो. तेल म्हटलं की राख, एवढंच माझ्या डोक्यात. मी चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेतलं आणि दोन्ही बंपर कढई घासतात तसे घासले. चांगला जोर लावून. पाणी ओतलं तेव्हा काळेभोर दिसले. मी खूश होऊन आत गेले.

अर्ध्या तासाने बाहेर आले तर दोन्ही बंपर पांढरे. कोड आल्यासारखे, वर सोडणाचे गोल गोल ओरखडे.

नवरा आला आणि पायरीवर बसला. शेट यायला तीन दिवस होते. पहिला दिवस त्याने बूटपॉलिशमध्ये घालवला. दोन डब्या संपल्या. दुपारचं ऊन लागल्यावर पॉलिश वितळून खाली टपकायला लागलं आणि हात लावला तर हात काळा. शेट पांढरं धोतर नेसायचे. रॉकेलने पुसून काढलं तेव्हा आणखीच पांढरं दिसलं.

म्हणाला, "परत घरी बसूचा लागतला."

मी उठले आणि बाबलच्या घरी गेले. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "चार म्हयन्यानी तोंड दिसलां. दरवाजो पडलो काय?"

"दरवाजो बरो आसा. शेटांच्या गाडयेचो बंपर घालवलंय."

त्याने ताटात पाणी ओतलं, हात धुतला आणि तसाच माझ्या मागून आला.

बंपरजवळ उकिडवा बसला. बोट तोंडात घातलं आणि बंपरवर रेघ ओढली. काळी रेघ उमटली. ती सुकून पांढरी होईपर्यंत बघत बसला. असं तीन वेळा केलं. मग विचारलं, "घासल्यान कोणी?"

नवरा म्हणाला, "वाडीतली पोरां इल्ली..."

मी म्हटलं, "मी घासलंय. राखेन."

बाबलने माझ्याकडे पाहिलं. "भांडी बरी घासतंस गो. माझी टोपां धाडून देतंय."

नवऱ्याने विचारलं, होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लावलं तर?

"काळो होतलो. पण शेटान हात लावल्यान काय हाताक फोड येतले. मगे नोकरी जातलीच, वर फटके."

"मग काय करूचां?"

"काळो खंय गेलेलो नाय, रे वासू. आत आसा. वरसून खरवडलो, म्हणान दिसना नाय. तेका जाळ दिवक होयो."

नवरा म्हणाला, गाडीत पेट्रोल आहे. बाबल म्हणाला, "गाडी ऱ्हवांदे थंयच. बंपर काढ आणि किनाऱ्यार घेवन ये. सकाळी."

हे त्याला कुठून सुचलं, ते त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. होडीच्या तळाला किडा लागतो. तो मारायला होडी वाळूवर आडवी करून खालून सुक्या झावळ्यांचा जाळ देतात. लाकूड तापलं पाहिजे, पण जळता कामा नये. बाबल डाव्या हाताची पालथी बाजू लाकडाजवळ धरून जाळ किती द्यायचा ते ठरवायचा. त्या हातावर एक केस नव्हता. अशाच एका जाळापाशी पाण्याचा जुना काळा प्लास्टिकचा डबा पडला होता, उन्हाने पांढरा झालेला. जाळाकडची त्याची एक बाजू काळी कुळकुळीत झाली होती. बाकीच्यांनी तो डबा लाथेने बाजूला सारला. बाबलने घरी नेऊन ठेवला होता.

नवऱ्याने संध्याकाळभर खपून गंजलेले बोल्ट काढले. सकाळी दोघांनी बंपर खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर नेले, प्रेत नेतात तसे. मी त्या दिवशी कामावर खाडा केला. बाबलने जुना रंग जाळायची त्याची बत्ती आणली होती. रॉकेलची, स्टोव्हसारखा पंप मारायची, पण ज्योत आडवी फेकणारी. बरोबर एक मोडकी काळी बादली.

मला म्हणाला, "ही घास. जसो बंपर घासलंस तशीच. जोर कमी करू नको."

मी सगळ्या रापणकरांच्या देखत बादली पांढरी होईपर्यंत घासली. ते जाळी ओढायची सोडून बघत होते.

बाबलने बत्ती पेटवली आणि बादलीवर धरली. क्षणभर काळं चमकलं आणि बादलीला भोक पडलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"वारो आसा," बाबल म्हणाला. "ज्योत हलता. बसूया."

आमच्याकडे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जमिनीवरचा वारा पडतो आणि समुद्राचा अजून उठलेला नसतो. मधे थोडा वेळ पान हलत नाही. त्याची वाट बघत आम्ही होडीच्या सावलीत बसलो. तेव्हा बाबल आपणहून बोलला. एरवी तो कामाच्या वेळी बोलत नसे.

"त्या आधीच्या ड्रायव्हराच्या गाडयेर चढली ती शेळी माझी."

नवरा म्हणाला, "निळी शिंगां सगळ्यांनी बघितल्यानी. ठावक आसा."

"शेटाक सांगूक गेलंय, तेचो दोष नाय म्हणान. पण दोन दिसांनी गेलंय. पयल्या दिसाक माझी छाती झाली नाय. तवसर तो मुंबयक गेलोलो." मग म्हणाला, "बायको-पोरां घेवन गेलो."

वारा पडला होता.

त्याने बादलीच्या दुसऱ्या बाजूवर बत्ती धरली. या वेळी एका जागी ठेवली नाही. निजलेल्या पोराच्या तोंडावरच्या माश्या वारतात तशी हलवत राहिला. जिथून ज्योत गेली तिथे बादली काळी झाली. सुकली तरी काळी. त्याने बोट ओलं करून ओढलं. रेघ उमटली नाही, कारण सगळीकडे एकच रंग होता.

मग बंपर. डाव्या हाताची पालथी बाजू पुढे, मागून बत्ती. तो एका टोकापासून वीतवीत सरकत गेला. प्लास्टिकवर घाम फुटल्यासारखं व्हायचं आणि आतून काळा वर यायचा. सोडणाचे गोल ओरखडे डोळ्यांदेखत विरून जायचे. पुढचा झाला, मागचा निम्मा झाला, आणि समुद्राकडून पहिली झुळूक आली. ज्योत वाकली. त्याने बत्ती लगेच मागे घेतली, पण खालच्या कोपऱ्याला नखाएवढा वळ आलाच. कोणाला दिसलाही नसता. त्यानेच बोट ठेवून दाखवला.

"हो माझो," म्हणाला. राहिलेला बंपर दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडल्यावर पुरा केला.

नवऱ्याने बंपर बसवले. गाडी नवी दिसत होती. म्हणूनच त्याला भीती वाटत होती. शेट विचारणार, काय केलंस.

शेट सकाळच्या एस.टी.ने आले. त्यांना स्टँडवरून आणून नवऱ्याने गाडी कारखान्याच्या दारात उभी केली. मी काजूपुढून उठून दाराशी आले, हाताची राख तशीच. बघते तर समोरच्या दगडी गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर, बाबल बसलेला, इस्त्रीचा सदरा घालून. सातपासून बसला होता म्हणे.

शेट उतरले, गाडीभोवती फिरले आणि पुढच्या बंपरपाशी थांबले. बोट फिरवलं. बोट उलटं करून बघितलं. स्वच्छ होतं.

"वासुदेव, हे काय केलंस?"

बाबल गडग्यावरून उतरला.

"शेटानू, तेणी नाय, मी केलंय. माझ्या बत्तीन मागच्या कोपऱ्याक एक वळ पडलो आसा. तो माझो. वासूक काय बोलू नका. त्या शेळयेच्या वेळेक माका येवक उशीर झालो, म्हणान आज आधी येवन बसलंय."

शेट मागे गेले, वाकले, वळ बघितला. शेळीचं नाव काढल्यावर त्यांचं तोंड जरा आक्रसलं होतं. मग म्हणाले, "मुंबईत तीन गॅरेजवाल्यांना विचारलं मी. सगळे म्हणाले, नवे घाला, दुसरा उपाय नाही. तू हे कशाने केलंस?"

"बत्तीन."

शेट परत पुढे आले. दाराखालच्या काळ्या पट्ट्यांकडे बोट करून म्हणाले, "मग ह्या पट्ट्या राहिल्या की. ह्या पण कर."

पट्ट्या कर म्हणाले, म्हणजे नोकरी आहे. मला वाटलं, बाबल हो म्हणेल.

"नाय," बाबल म्हणाला. "त्यो गाडयेक चिकटलेल्यो आसत. थंय जाळ चलाचो नाय. तुमचो लाल रंग जातलो."

"मी सांगतोय तरी?"

"तुमी सांगलास तरी."

शेटांना नाही ऐकायची सवय नव्हती. पण ते हसले आणि आत गेले. बंपर कोणी घासले, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नवरा गाडीला टेकून उभा राहिला. मी आत गेले आणि काजू फोडायला बसले. त्या दिवशी माझे काजू सगळ्यांपेक्षा जास्त अख्खे निघाले.

नोकरी टिकली. मुलांच्या शाळा त्यावर झाल्या. माझ्या लाल दरवाजालाही वाळवी लागली नाही, पण ते मी बाबलला कधी सांगितलं नाही. त्याने फार मिरवलं असतं.

पुढे दोन वर्षांनी त्याची नजर जायला लागली. एका होडीचा पट्टा वाकडा गेला. होडीवाला बोलला नाही, कोणीच बोललं नाही. बाबलनेच पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, मग ब्रश धुतला आणि घरी आला. शेळी त्याने वाडीत एकाला दिली. विजयदुर्गच्या लेकीने बोलावणं पाठवलं. एस.टी.ने जायचं तर तीन ठिकाणी गाडी बदलायची, बरोबर पत्र्याची ट्रंक, आणि डोळ्यांना दिसत नाही. नवऱ्याने शेटांना विचारलं. शेट म्हणाले, गाडी घेऊन जा, त्याला दारापर्यंत सोड.

निघायच्या दिवशी बाबल पुढच्या सीटवर बसला, तोही अर्ध्यावर. सदऱ्याचा रंग सीटला लागेल म्हणून खाली वर्तमानपत्र घेतलं होतं. सदरा धुतलेला होता, पण त्याला खात्री वाटेना. मांडीवर खाऊची पिशवी. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाला, "वयनी, ह्या दार लावक माका जमना नाय."

मी दार लावलं. लागलं नाही.

"जोरान," तो म्हणाला. "गाडी शेटाची आसा, तुझी नाय."

मी दोन्ही हातांनी ढकललं, तेव्हा लागलं. गाडी वाडीच्या वळणावरून गेली. त्याने मागे वळून बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं. मी त्याला त्यानंतर पाहिलं नाही. तो वारल्याची बातमी आम्हाला पंधरा दिवस उशिरा कळली.

गाडी गेली त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. पण दुपारी जेवण गेलं नाही. रस्ता घाटवळणाचा, म्हातारा आंधळा, लेकीचं घर कसं असेल, कोणास ठाऊक. दिवेलागणीला नवरा परत आला. चपला काढता काढता म्हणाला, "पोचयलंय. लेक बंदरापर्यंत येवन उभी होती. हाताक धरून घेवन गेली."

मग मी दोन ताटं वाढली.